न विझणारा की न विटाळणारा?

ॲस्बेस्टॉसला मिळालेलं नाव मुळात दुसऱ्याचं. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ ‘न विझणारा’, आणि ही वस्तू तर पेटतच नाही. ग्रीक लोक तो वापरत कळीच्या चुन्यासाठी. पाणी पडलं की विझायचं सोडून उलट खदखदणारा, तो हा चुना.

धाग्याधाग्यांच्या दगडाला त्यांचा शब्द होता ‘अमिआन्तोस’, म्हणजे न विटाळलेला. युबिया बेटावरच्या कारिस्तोसला हा दगड पिंजून, विणून रुमाल करत, असं ग्रीक भूगोलकार स्ट्राबोने लिहिलंय. मळले की विस्तवात टाकायचे. मळ जळून जाई, रुमाल स्वच्छ!

घोळाचं खापर बहुधा रोमन प्लिनीवर फुटतं. पहिल्या शतकातल्या या गृहस्थाने न जळणाऱ्या कापडाचं ग्रीक नाव ‘अस्बेस्टिनॉन’ असं नोंदवलं. वर हे एक प्रकारचं जवस असून भारतातल्या वाळवंटात, विषारी सापांच्या सोबतीने उगवतं, असंही ठोकून दिलं. पण त्याला हसू नये. मेजवानीत चुलीत टाकलेले रुमाल त्याने स्वतः पाहिले होते. दगडाचं सूत निघतं हे कुणाला सुचणार?

पुढे युरोपने दोन्ही नावं वाटून घेतली. फ्रेंचांचं ‘आमियांत’, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीजांचं ‘आमियांतो’. जर्मन, डच, स्वीडिश ‘आस्बेस्ट’कडे गेले, पोलिश, रशियन आणि इंग्रजही त्याच बाजूला. जर्मनमध्ये ‘बेर्गफ्लाक्स’, डोंगरी जवस, असाही शब्द आहे. मला तोच सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. खुद्द ग्रीक मात्र आपल्या जुन्या हिशेबावर कायम आहेत: धाग्याला ‘अमिआन्तोस’, भिंतीच्या चुन्याला ‘आस्व्हेस्तिस’.

१९०१ साली ऑस्ट्रियाच्या लुडविग हाट्शेकने सिमेंटमध्ये हा धागा घालून पत्रे बनवण्याचं पेटंट घेतलं. नाव ठेवलं ‘एटर्निट’, लॅटिनमधल्या ‘शाश्वत’वरून. टिकाऊपणाबद्दल तक्रार नव्हतीच; फुप्फुसात गेलेला धागाही तसाच टिकतो, कॅन्सर होईपर्यंत. इटलीत कासाले मोन्फेरातोचा एटर्निट कारखाना १९८६ मध्ये बंद झाला, तरी तिथे माणसं त्यानंतरही या धाग्याच्या धुळीने मरत राहिली. फ्रान्सने १९९७ मध्ये बंदी घातली, संपूर्ण युरोपीय संघात ती २००५ पासून आहे. आपल्याकडे या धाग्याचे सिमेंटचे पत्रे अजून बनतात.

कॅनडातल्या क्वेबेकमध्ये खाणीभोवती वसलेल्या एका गावाचं नावच ॲस्बेस्टॉस होतं. गाव फ्रेंच बोलणारं, घरचा शब्द ‘आमियांत’. पाटीवर मात्र इंग्रजी नाव. २०२० मध्ये मतदान घेऊन गावाने ते बदललं. नवं नाव ‘व्हाल-दे-सूर्स’, झऱ्यांची दरी.