रंगाखालचा गंज
हत्यारांची जुनी पेटी घरीच रंगवताना

दुकानदाराला जसा गल्ला, तशी कारागिराला हत्यारांची पेटी. पेटी चांगली राहिली तर आतली हत्यारे चांगली राहतात आणि हत्यारे चांगली राहिली तर हलाल रोजीचे साधन हातात राहते. म्हणून जुन्या लोखंडी पेटीला घरच्या घरी रंग कसा द्यावा, ही साधीच गोष्ट आज या पानावर मांडत आहे. हे काम मी एकदा चुकीचे केले आणि एकदा बरोबर केले. कारागीर बंधूंच्या उपयोगी पडावे म्हणून दोन्ही सांगतो.

आमचे अब्बा भिवंडीत पॉवरलूमचे जॉबर होते. लूम बिघडला की तो खोलून, जुळवून पुन्हा चालता करणे हे त्यांचे काम. त्यांची पत्र्याची पेटी होती, सुमारे १८ इंच लांब, दोन्ही बाजूंना उघडणारी, पाच कप्प्यांची. अब्बांच्या इंतकालानंतर मी कोऱ्या कापडाच्या व्यापारात असल्याने ती माळ्यावर पडून राहिली. पुढे माझा भाचा जॉबरचे काम शिकला. त्याने स्वतंत्रपणे कारखाने धरायला सुरुवात केली, तेव्हा नानांची पेटी त्यालाच द्यावी असे मनात आले.

पेटी गंजली होती. मी ती एका संध्याकाळी फडक्याने पुसली आणि खिडकीच्या जाळीसाठी आणलेला हिरवा ऑईलपेंट उरला होता, तो वरून मारला. गंज खरवडला नाही, जुने तेल धुतले नाही, प्रायमर लावला नाही. आत दिसायला बरे म्हणून तळाशी कोऱ्या कापडाचा तुकडा अंथरला. पेटी नव्यासारखी चमकू लागली. घरच्यांनी तारीफ केली. जुम्याच्या नमाजनंतर मी ती भाच्याच्या हाती दिली.

पावसाळा आला आणि गेला. एक दिवस मालाच्या कामासाठी तो काम करीत असलेल्या कारखान्यात गेलो. कोपऱ्यात पेटी दिसली. झाकणावर रंगाचे फोड आले होते. एकाला बोट लावले तर रंगाची साल निघाली आणि खालून तपकिरी पाणी आले. आतले पाने गंजले होते, कानस निकामी झाली होती. सर्वांत वाईट म्हणजे ताणा भरण्याच्या हुकांवर गंज चढला होता. त्या गंजाचे डाग सुताला लागून कापडात उतरले. ज्यांना ब्लीचिंगचे काम माहीत आहे त्यांना हे नुकसान समजेल. लोखंडाच्या गंजाचा डाग असलेले कापड पेरॉक्साइडच्या ब्लीचिंगला गेले की त्या जागी सूत कमजोर होते, कधी भोकही पडते. मालकाने तो माल सेकंडमध्ये काढला आणि पैसे भाच्याच्या मजुरीतून कापले.

मी म्हणालो, "अरे, मला सांगितले का नाहीस?"

तो म्हणाला, "मामू, नानांची पेटी तुम्ही स्वतःच्या हाताने रंगवून दिली होती. तुम्हाला काय सांगणार?"

मला शरम वाटली. ताग्याच्या वरच्या घड्या साफ आणि आतला माल डागी, असे कोणी केले तर मी बाजारात भांडतो. तेच मी लोखंडाच्या बाबतीत केले होते, तेही घरच्या मुलाशी. सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची रिवायत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जाताना धान्याच्या एका ढिगाजवळ थांबले व त्यांनी आत हात घातला. बोटांना ओल लागली. व्यापाऱ्याने सांगितले की पावसाने भिजले. त्यावर त्यांनी विचारले की भिजलेला भाग वर का ठेवला नाहीस, म्हणजे लोकांना दिसला असता; आणि जो फसवतो तो आपल्यापैकी नव्हे, असे बजावले. धान्य पावसाने भिजले यात त्या व्यापाऱ्याचा दोष नव्हता. ओल खाली दडवली, हा दोष होता. पेटी गंजली यात माझाही दोष नव्हता. गंज मी रंगाखाली दडवला, हा माझा दोष.

मी पेटी परत घरी आणली. आता काम कसे केले ते सांगतो.

वेळ आणि जागा

हे काम पावसाळ्यात करू नये. आपल्या कोकणपट्टीत तेव्हा हवेत इतकी ओल असते की पत्रा साफ करता करता पुन्हा गंज धरतो आणि रंगही लवकर सुकत नाही. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम. जागा मोकळी असावी, गच्ची किंवा अंगण. लूमच्या कारखान्यात तर अजिबात करू नये. तिथे कापसाचा भुगा उडतो, तो ओल्या रंगावर बसतो आणि थिनरजवळ ठिणगी पडली तर आग लागते. ऑईलपेंट पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नये. त्या आतल्या आत तापून आपोआप पेटू शकतात. मोकळ्यावर पसरून वाळवाव्यात.

जुन्या रंगात शिसे

ही गोष्ट आमच्या अब्बांच्या काळी कोणाला ठाऊक नव्हती. जुन्या ऑईलपेंटमध्ये आणि शेंदरी प्रायमरमध्ये शिसे असू शकते. शेंदूर हा तर शिशापासूनच बनतो. हे शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. केंद्र सरकारने २०१६ साली घरगुती व सजावटीच्या रंगांसाठी नियम केला की शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे. हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीची पेटी असेल तर शिसे आहे असेच समजून चालावे. जुना रंग कोरडा घासून धूळ उडवू नये आणि जाळून तर मुळीच काढू नये, कारण धुरातून शिसे थेट छातीत जाते. पाणी लावून वॉटर पेपरने घासावे, तोंडाला मास्क लावावा, मुलांना दूर ठेवावे, निघालेला चिखल ओल्या फडक्याने गोळा करावा आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. नवा रंग घेताना डब्यावर शिशाबद्दल काय छापले आहे ते वाचून घ्यावे.

आधी तेल, मग गंज

प्रथम पेटी रिकामी करावी. जी कडी, कोयंडा सुटा होतो तो काढून ठेवावा. मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून सगळी पेटी ब्रशने धुवावी. जॉबरच्या पेटीत वर्षानुवर्षांचे मशीनचे तेल व ग्रीस मुरलेले असते. तेलावर रंग धरत नाही. आधी घासायला घेतले तर तेच तेल पेपरने सगळीकडे पसरते. म्हणून धुणे पहिले.

पेटी सुकल्यावर तारेचा ब्रश घ्यावा आणि सुटणारा गंज, उडालेला रंग पाण्याचा शिपका मारत काढावा. मग १२० नंबरचा वॉटर पेपर, त्यानंतर २२० चा. जिथे जुना रंग पक्का धरून आहे तिथे तो सगळा काढायची गरज नाही, फक्त चमक मारावी, म्हणजे नवा रंग पकडतो. कडा मात्र इतक्या घासाव्यात की बोट फिरवल्यावर पायरी लागू नये. कडी, कोयंडा, स्क्रू हे बारीक तुकडे रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावेत. सकाळी ब्रशने गंज निघतो. नंतर ते सोड्याच्या पाण्यात धुऊन लगेच कोरडे करावेत.

इथे घाई केली की सगळे फुकट. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेते. रंगाखाली थोडा गंज राहिला आणि त्याला ओल मिळाली की तो फुगतो व रंगाला खालून उचलतो. माझ्या पेटीवरचे फोड असेच आले होते. मला या वेळी घासायलाच दोन दिवस लागले.

प्रायमर, लांबी, रंग

घासून झाले की पेटी उन्हात चांगली तापवावी, थिनरच्या फडक्याने पुसावी आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमरचा हात द्यावा. उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर पुन्हा लालसर झाक दिसते. बिजागरीच्या मागे, तळाच्या कडेला, रिव्हेटच्या भोवती बारीक ब्रशने प्रायमर पोहोचवावा, कारण गंज तिथूनच सुरू होतो. खड्डे असतील तर प्रायमर सुकल्यावर लांबीचा पातळ हात द्यावा. जाड लांबी पेटी आपटली की निखळते. लांबी सुकल्यावर घासून त्या जागी पुन्हा प्रायमर लावावा.

पेटी जस्ती पत्र्याची असेल तर गोष्ट वेगळी. जस्तावर साधा ऑईलपेंट काही काळाने साल निघाल्यासारखा सुटतो. त्यासाठी दुकानदाराकडे जस्ती पत्र्याचा वेगळा प्रायमर मागावा.

मग ऑईलपेंट. जाड एक हात देण्यापेक्षा पातळ दोन हात द्यावेत. पहिला हात २४ तास सुकू द्यावा, ३२० च्या पेपरने हलका घासावा, धूळ पुसावी, मग दुसरा. अशा पेटीला आतून बाहेरून पाव लिटर रंग पुरतो. कप्प्यांचे सांधे जिथे एकमेकांवर फिरतात तिथे रंग लावू नये, नाहीतर कप्पे अडकतात. तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब पुरे. रंग हाताला सुकला तरी आतून कडक व्हायला आठवडा लागतो. तोवर हत्यारे भरू नयेत.

तळाशी कापड नको

माझी दुसरी चूक ते अंथरलेले कापड. मी कापडाचा माणूस, मला हे कळायला हवे होते. सुताच्या व्यवहारात १०० किलो पूर्ण कोरड्या कापसामागे साडेआठ किलो पाणी धरून चालतात, कारण कापूस हवेतली ओल पितो. पावसाळ्यात तर त्याहून जास्त. त्यात कोऱ्या कापडाला कांजी असते, तीही ओल धरते. असे कापड मी हत्यारांखाली अंथरले, म्हणजे ओली पट्टीच ठेवली. तळाशी काही हवेच असेल तर रबराची पातळ चटई टाकावी आणि ती अधूनमधून उचलून खाली बघावे. हत्यारे तेलाचा हात फिरवून ठेवावीत. बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या पुड्या येतात, त्या फेकू नयेत, दोन-चार पेटीत टाकाव्यात.

सोडा, पेपर, प्रायमर, लांबी, रंग, थिनर, ब्रश मिळून माझा खर्च सहाशे रुपयांच्या आत झाला आणि सुकण्याचा आठवडा धरून बारा दिवस गेले. ज्या पेटीचा पत्रा जागोजागी आरपार गेला आहे तिच्यावर हा खर्च करू नये. पत्रा शाबूत असेल तर नवी घेण्याची गरज नाही. वस्तू वाया घालवणे आपल्या दीनला पसंत नाही.

पेटी परत देताना मी भाच्याला नवी कानस आणि हुक घेऊन दिले आणि मजुरीतून कापले गेलेले पैसे त्याच्या हातावर ठेवले. तो घेत नव्हता. मी म्हणालो, "हे बक्षीस नाही, हा तुझा हक्क आहे." मग झाकण उघडून डाव्या बिजागरीजवळची जागा दाखवली. तिथे पत्रा गंजाने खाऊन पातळ झाला आहे. रंगामुळे आता ते दिसत नाही, म्हणून मी आतून खडूने खूण केली होती. त्याला सांगितले, "इथे कमजोरी आहे. दर पावसाळ्याआधी बघत जा. जड हत्यारे या बाजूला ठेवू नकोस."

त्याने खडूची खूण पुसली आणि त्याच जागी खिळ्याने रंगावर एक बारीक रेघ मारली. म्हणाला, "मामू, खडू निघून जाईल." मी त्या रेघेवर प्रायमर आणि रंगाचे बोट फिरवले, रेघ दिसत राहील इतकेच. अल्लाह त्याच्या हाताला बरकत देवो, आणि आपल्या सर्वांना मालाचा दोष आधी दाखवण्याची हिंमत देवो. आमीन.