गॅदरिंगपासून निकालापर्यंत : नांदेड-लातूरच्या खेड्यांतील शाळांची वर्षअखेर

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील खेड्यांत जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचे वर्ष कागदोपत्री एप्रिलअखेर संपते आणि १ मे रोजी निकाल लागतो. प्रत्यक्षात मात्र ही वर्षअखेर जानेवारीतील स्नेहसंमेलनापासून सुरू होते आणि निरोप समारंभ, गुढीपाडव्याची पटनोंदणी, परीक्षा व शाळा पूर्वतयारी मेळावा असे टप्पे घेत जवळजवळ चार महिने चालते. शहरातील शाळा आपले कार्यक्रम स्वतःच्या सोयीने ठरवते. खेड्यात ते तुरीच्या राशीवर, ज्वारीच्या काढणीवर, ऊसतोडीच्या हंगामावर, उन्हाच्या तडाख्यावर आणि लगीनसराईवर ठरतात. त्यामुळे या कार्यक्रमांकडे लेकरांच्या नाचगाण्याची हौस एवढ्याच दृष्टीने पाहणे अपुरे आहे. गाव आणि शाळा यांचे नाते दरवर्षी याच चार महिन्यांत नव्याने बांधले जाते आणि त्या बांधणीतून काही मुले नेमाने बाहेर राहतात, हेही याच चार महिन्यांत दिसून येते.

या प्रथेला या भागात एक विशेष पार्श्वभूमी आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि तेथे ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिपत्रकामुळे सभा-संमेलने भरवण्यासाठी सरकारी परवानगी घ्यावी लागत असे. माध्यमिक शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, आणि मराठीतून शिकवण्यासाठी जागोजागी ज्या खासगी शाळा निघाल्या त्यांच्यावर सरकारची नजर असे. ज्या प्रदेशात लोकांनी एकत्र जमणे ही संशयाची बाब होती, त्या प्रदेशात शाळेच्या पटांगणात सारे गाव मोकळेपणाने बसून मुलांचा कार्यक्रम पाहते ही गोष्ट सामान्य मानता येत नाही. पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, बरोबर दोन वर्षांनी, १ मे १९६२ रोजी, जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. लातूर हा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होता. त्याचा स्वतंत्र जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. निकालाचा १ मे हा दिवस अशा रीतीने महाराष्ट्र दिन तर आहेच, शिवाय जिल्हा परिषदेचा स्थापना दिनही आहे, याची आठवण गावाला क्वचितच करून दिली जाते.

स्नेहसंमेलनाला, म्हणजे गावाच्या तोंडी असलेल्या ‘गॅदरिंग’ला, मुहूर्त सापडतो तो बहुधा येळवस झाल्यावर. येळवस किंवा वेळ अमावस्या म्हणजे मार्गशीर्ष अमावस्या. या दिवशी लातूर जिल्ह्यात आणि लगतच्या भागात सारे कुटुंब शेतात जाऊन काळ्या आईची पूजा करते, अंबिल आणि भज्जीचे वनभोजन होते आणि शाळांना स्थानिक सुट्टी असते. नांदेड जिल्ह्यात याच सुमारास लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. या दोन्हींतून गाव मोकळे झाले की शाळेत सराव सुरू होतो, आणि ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती, १२ जानेवारीची जिजाऊ जयंती व २६ जानेवारीचा प्रजासत्ताक दिन यांच्या आधाराने तारीख धरली जाते. अनेक लहान शाळा प्रजासत्ताक दिनाच्या सकाळी ध्वजारोहण, प्रभातफेरी, लेझीम व कवायत घेतात आणि त्याच सायंकाळी गॅदरिंग उरकतात. कारण मंडप, विजेच्या माळा आणि ध्वनिक्षेपक यांचा खर्च दोनदा करणे कोणाला परवडत नाही.

रंगमंच उभारण्याची पद्धत पाहण्यासारखी असते. शाळेला पक्का ओटा नसेल तर ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या फाळके पाडून एकमेकींना लावल्या जातात, त्यावर फळ्या आणि सतरंज्या पडतात, मागे मंडपवाल्याचा कापडी पडदा ताणला जातो, आणि शेजारच्या वर्गखोलीत आया, आजी, मोठ्या बहिणी मुलींना नेसवायला बसतात. तालुक्याच्या गावातून भाड्याने पोशाख आणता येतात, पण प्रत्येक घराला ते भाडे झेपत नाही. म्हणून आईची सहावारी दुमडून दुसरीतल्या मुलीला नऊवारीसारखी नेसवणे, सुटू नये म्हणून तिला ठिकठिकाणी सेफ्टी पिना लावणे आणि काजळाने मिशी काढून मावळा तयार करणे हे काम तासभर चालते. पोवाडा, गोंधळ, शेतकरी नृत्य, वासुदेव, व्यसनमुक्तीची किंवा हुंड्याविरुद्धची नाटिका हे कार्यक्रम बहुतेक ठिकाणी असतात. त्यांच्या जोडीला अलीकडे चित्रपटातील गाण्यांचे प्रमाण फार वाढले आहे. ध्वनिमुद्रित गाण्यावर हातवारे करणे सोपे असते हे खरे, परंतु ज्या शाळेत शिक्षक स्वतः संवाद लिहून मुलांकडून पाठ करून घेतात, तेथील मुलांना बोलण्याचा जो सराव मिळतो तो ध्वनिमुद्रिकेवर नाचून मिळत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतून बक्षिसे येत राहतात. कोणी पन्नास, कोणी शंभर, कोणी पाचशे रुपये देतो. देणाऱ्याचे नाव आणि कोणत्या गाण्याला बक्षीस दिले हे सूत्रसंचालक लगेच ध्वनिक्षेपकावरून सांगतो, आणि एक शिक्षक वहीत नोंद करीत असतो. ही रक्कम काही ठिकाणी मुलांना वाटली जाते, काही ठिकाणी तिच्यातून शाळेसाठी पंखा, पाण्याची टाकी, ग्रंथालयाची पुस्तके किंवा डिजिटल वर्गासाठी पडदा घेतला जातो. लोकसहभाग या शासकीय शब्दाचा प्रत्यक्ष अर्थ खेड्यात असा दिसतो. २००९ च्या बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती अनिवार्य केली, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे ठरवले. परंतु समितीच्या मासिक बैठकीला न येणारी आई गॅदरिंगच्या दिवशी दुपारपासून पटांगणात असते, आणि शाळेला काय हवे आहे हे तिला त्या दिवशी कळते.

या दोन जिल्ह्यांचे आणखी एक वैशिष्ट्य गॅदरिंगमध्येच उघड होते. नांदेड जिल्ह्याला तेलंगणाची आणि कर्नाटकाची, लातूरला कर्नाटकाची सीमा लागून आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद या भागांत अनेक घरांत तेलुगू बोलली जाते. उदगीर, देवणी, निलंग्याकडे कन्नड ऐकू येते. किनवट आणि माहूर तालुक्यांत गोंड व कोलाम वस्त्या आहेत. आणि दोन्ही जिल्ह्यांतील बंजारा तांड्यांवर गोरमाटी ही घरची बोली आहे. पहिलीत आलेल्या तांड्यावरच्या मुलाला पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी परकी वाटते, आणि तो वर्षभर वर्गात गप्प बसतो. तोच मुलगा गोरमाटी गाण्यावर रंगमंचावर उभा राहिला की त्याचा आवाज खणखणीत निघतो. हे शिक्षकाने लक्षात घेतले तर घरची बोली आणि शाळेची भाषा यांच्यात पूल बांधण्याचे काम गॅदरिंगच्या सरावातूनच सुरू करता येते, आणि काही शिक्षक ते मनापासून करतातही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये निरोप समारंभ होतो. शाळा चौथीपर्यंत असेल तर चौथीचा, सातवी-आठवीपर्यंत असेल तर त्या वर्गाचा. खालच्या वर्गांतील मुले हार-फुले आणतात, निघणारी मुले मनोगत सांगतात, शाळेला घड्याळ, महापुरुषांची तसबीर किंवा पुस्तके भेट देतात, आणि पोषण आहाराच्या खिचडीऐवजी त्या दिवशी पुरी-भाजी व बुंदी असे गोड जेवण होते. दूरच्या आयर्लंडमधील खेड्यांतही प्राथमिक शाळेचा निरोप असाच सगळ्यांना धरून होतो. तेथे ‘ज्युनियर इन्फंट्स’पासून सहावीपर्यंत आठ वर्षे मुले एकाच शाळेत असतात, दोन-तीन शिक्षकांवर चालणाऱ्या लहान शाळाही आहेत, आणि जूनअखेर सुट्टी लागण्यापूर्वी क्रीडादिन, सहल आणि सहावीचा निरोप समारंभ होतो. तेथील मुलांपुढे माध्यमिक शाळेचा रस्ता सरळ असतो. येथे चौथीनंतर पुढची शाळा दुसऱ्या गावात असेल तर मुलगी तिथवर जाणार की नाही, हा प्रश्न निरोपाच्या दिवशी अनेक घरांत खरोखर शिल्लक असतो. म्हणून काही मुख्याध्यापक निरोपाच्या कार्यक्रमालाच पुढच्या शाळेच्या शिक्षकांना बोलावतात आणि पालकांसमक्ष प्रवेशाचे बोलून घेतात. ही पद्धत सर्वत्र व्हावी इतकी मोलाची आहे.

मार्चमध्ये ऊन वाढले की शाळा सकाळची होते. आधी शाळा लवकर सुटावी एवढाच त्याचा हेतू असे, पण एप्रिलमध्ये या भागात पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या खोल्या तापतात, त्यामुळे आता तो आरोग्याचा प्रश्न झाला आहे. तरी वर्ष लवकर आटोपता येत नाही, कारण शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस भरावे लागतात. २०२५ मध्ये राज्यभर परीक्षांचे एकच वेळापत्रक लावण्यात आले आणि त्या ८ ते २५ एप्रिल या काळात ठेवण्यात आल्या, त्यामुळे निकाल तयार करण्यासाठी शिक्षकांच्या हाती जेमतेम पाच दिवस उरले. २०१६ च्या दुष्काळात तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी पहिली गाडी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन पोहोचली, ते दिवस शाळांच्या परीक्षांचेच होते. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळी भागांतील मुलांना उन्हाळी सुट्टीतही शाळेतील जेवण द्यावे असा आदेश दिला. सुट्टी लागणे म्हणजे दुपारचे हुकमी जेवण थांबणे, ही गोष्ट त्या आदेशाने सर्वांसमोर आणली.

१ मेची सकाळ ध्वजारोहणाने सुरू होते आणि त्यानंतर वर्गावर्गांतून प्रगतिपत्रके वाटली जातात. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. त्यात वर्षभराच्या निरीक्षणावर व छोट्या चाचण्यांवर आधारलेले आकारिक मूल्यमापन आणि सत्राच्या शेवटी होणारे संकलित मूल्यमापन यांची बेरीज होऊन अ-१, अ-२, ब-१ अशी श्रेणी दिली जाते. गावाने मात्र ही पद्धत अजून पुरती स्वीकारलेली नाही. घरी पोहोचताच आजोबा ‘कितवा नंबर आला?’ असे विचारतात, आणि श्रेणी सांगितली तरी त्यांचे समाधान होत नाही. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण होणे पुन्हा आवश्यक झाले, अनुत्तीर्णांना फेरपरीक्षेची संधी ठेवण्यात आली, आणि त्यामुळे १ मेच्या सकाळी या दोन वर्गांत जुनी धाकधूक परत आली आहे. प्रगतिपत्रकातील वर्णनात्मक नोंदी हा भाग खरे तर सर्वांत उपयोगाचा असतो. ‘वाचन ओघवते आहे, वजाबाकीत हातचा घेताना चुकते’ एवढी एक नेमकी ओळ पालकाला वाचून दाखवली तर उन्हाळ्यात काय करून घ्यायचे ते समजते. सर्वांना सारखीच लागू पडतील अशा ठरावीक ओळी उतरवल्या, तर तो कागद पेटीत पडून राहतो. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे परीक्षा न होताच मुले वर्गोन्नत झाली, म्हणजे वरच्या वर्गात गेली. त्या दोन वर्षांत पटांगणे रिकामी राहिली, तेव्हा या सकाळचे महत्त्व अनेक गावांना जाणवले.

या साऱ्या सोहळ्यात जागा रिकामी राहते ती ऊसतोड कामगारांच्या मुलांची. जळकोट, अहमदपूर, मुखेड, कंधार, लोहा या बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यातील गावांतून आणि तांड्यांवरून मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपला, त्यांच्या भाषेत ‘पट्टा पडला’, की परततात. तोवर गॅदरिंग होऊन गेलेले असते, निरोपही झालेला असतो. गावातच राहू शकणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, आणि सोबत जाणाऱ्या मुलांना जेथे जातील तेथील शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड दिले जाते. परंतु ज्या मुलाने शालेय वर्षाच्या पाचव्या महिन्यात गाव सोडले आणि जे परीक्षेच्या तोंडावर परत आले, त्याला आपली शाळा आपली वाटण्यासाठी कार्ड पुरेसे पडत नाही. ज्या मुलांना रंगमंचाची सर्वाधिक गरज आहे तीच त्यावर कधी चढत नाहीत, हा वर्षअखेरच्या सध्याच्या रीतीतील मोठा दोष आहे, आणि तो तारखेच्या निवडीतून निर्माण झालेला असल्यामुळे दुरुस्त होण्यासारखा आहे.

मार्ग याच चार महिन्यांतील दुसऱ्या दोन प्रथांनी दाखवला आहे. गुढीपाडव्याला शिक्षक व मुले प्रभातफेरी काढून घरोघरी पटनोंदणी करतात, म्हणजे पहिलीत येणाऱ्या मुलांची नावे नोंदवतात. पाडव्याच्या आसपास ऊसतोडीहून परतलेली अनेक कुटुंबे गावात असतात. २०२२ पासून राज्यभर शाळा पूर्वतयारी मेळावा होऊ लागला. एप्रिलमध्ये पहिला आणि जूनमध्ये शाळा उघडताना दुसरा. त्यात नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक व भावनिक विकास, भाषा विकास, गणनपूर्व तयारी आणि पालकांना मार्गदर्शन अशी सात दालने असतात. दाखलपात्र मूल आईचे बोट धरून एकेका दालनात जाते, दोरीवरून चालते, बिया वेगवेगळ्या करते, चित्र पाहून गोष्ट सांगते, आणि त्याची नोंद विकासपत्रात होते. मग गल्लीतल्या आयांचे माता गट उन्हाळाभर घरच्या वस्तूंनीच मुलांचा सराव घेतात. या मेळाव्याला खर्च थोडा आणि उपयोग मोठा आहे.

नांदेड-लातूरच्या ज्या गावांतून माणसे ऊसतोडीला जातात, तेथील शाळा व्यवस्थापन समित्यांनी यंदा गॅदरिंग जानेवारीत न घेता पाडव्यानंतरच्या एखाद्या संध्याकाळी, पूर्वतयारी मेळाव्याला जोडून घ्यावे. परतलेल्या मुलांना सरावासाठी आठ दिवस द्यावेत आणि निदान एक नाटिका त्यांच्याकडून बसवून घ्यावी. पुणे-मुंबई-हैदराबादेत नोकरीला असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी १ मेला गावी यावे, बक्षीस ध्वनिक्षेपकावरून जाहीर करावे, आणि शाळेच्या वहीत आपले नाव नोंदवून जावे.