गेमिंग कॅफेच्या पीसीत नवीन प्रोसेसर टाकावा का? आधी मशीन बघा, मग वही



छोटा गेमिंग कॅफे चालवणाऱ्यांचा एक प्रश्न मला कायम येतो: "दादा, पोरं म्हणतात पीसी अडकतो. रायझन ५ ५६०० टाकू का?" मी उलटे दोन प्रश्न विचारतो. कोणत्या गेममध्ये अडकतो? आणि मशीन दिवसातून किती तास भाड्यावर असतं? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण गप्प होतात.

नेहमी दिसणारा सेटअप घेऊ. रायझन ३ ३२००जी, बी४५० बोर्ड, जीटीएक्स १६५० कार्ड, ८ जीबीची एकच रॅम आणि ६० हर्ट्झचा मॉनिटर. ३२००जी हा २०१९ चा प्रोसेसर: ४ कोर, ४ थ्रेड, एल३ कॅश ४ एमबी. २०२२ मध्ये आलेल्या ५६०० ला ६ कोर, १२ थ्रेड आणि कॅश ३२ एमबी. सॉकेट एकच, एएम४. दोन्ही ६५ वॅटचे, त्यामुळे यासाठी एसएमपीएस बदलावा लागत नाही. कागदावर सौदा झकास!

पण गेम दोघं मिळून चालवतात. कोण कुठे पळतोय, गोळी कुणाला लागली, हा हिशेब प्रोसेसर मांडतो. चित्र ग्राफिक्स कार्ड काढतं. वडापावच्या गाडीवर एक जण पाव कापतो, दुसरा वडे तळतो ना, तसंच. तळणारा हळू असेल तर पाव कापायला कितीही चपळ माणूस ठेवा, रांग तेवढीच.

मग हळू कोण, हे बघायचं कसं? गेममधलं व्ही-सिंक आणि फ्रेमची मर्यादा बंद करा. खेळताना कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्डच दमलंय, प्रोसेसरवर पैसे घालू नका. वापर ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल तर रिझोल्यूशन १०८० वरून ७२० करून बघा. फ्रेम तरीही वाढल्या नाहीत, तर अडचण प्रोसेसरच्या बाजूला आहे. व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये हे जास्त दिसतं. रेड डेड रिडेम्प्शन २ सारख्या गेममध्ये १६५० आधी दम टाकतं.

इथेही लगेच ऑर्डर देऊ नका. रॅमची एकच पट्टी असेल तर आधी तशीच दुसरी लावून ड्युअल चॅनल करा. खर्च कमी, आणि झटके बऱ्यापैकी कमी होऊ शकतात. आणखी एक, ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रंच दाखवतो. फ्रेम आधीच कायम ९० च्या आसपास असतील तर १५० केल्याने गिऱ्हाईकाला फारसा फरक कळणार नाही. मध्येच ३० वर आपटत असतील तर मात्र नक्की कळेल.

आता वही काढा. समजा, जुना प्रोसेसर विकून एका मशीनला निव्वळ ७,००० रुपये लागले. ८ मशीनचे ५६,०००. तासाला ४० रुपये भाडं, वीज-इंटरनेट वजा जाता २५ उरतात असं धरू. म्हणजे २,२४० तास *जादा* विकले पाहिजेत. प्रत्येक मशीन रोज एक तास जास्त चाललं आणि महिन्यात २६ दिवस धरले तर २०८ तास, म्हणजे जवळपास ११ महिने. पण तो जादा तास येणार कुठून? संध्याकाळी सहा ते दहा तुमच्याकडे आधीच जागा नसते. सकाळी मशीन रिकामी असतात ती पोरं शाळा-कॉलेजात असतात म्हणून, तिथे प्रोसेसर काय करणार! झटक्यांमुळे गिऱ्हाईक उठून दुसऱ्या कॅफेत जात असेल, किंवा तुम्ही भाडं ५० करू शकत असाल, तरच हे गणित बसतं. हप्त्यावर घेणार असाल तर व्याजही यात मिळवा.

घ्यायचं ठरलंच तर बोर्डाचं बायोस जुना प्रोसेसर असतानाच अपडेट करा, आणि यूपीएसवर, मध्येच लाईट गेली तर बोर्ड बसू शकतो. ५६०० मध्ये आतलं ग्राफिक्स नाही, कार्ड बिघडलं की स्क्रीन काळी. वापरलेला घेत असाल तर खालच्या पिना उजेडात तपासा, एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात.

आणि आठही एकदम नको. एकाच मशीनमध्ये टाका, कुणाला सांगू नका, आणि पंधरा दिवस रजिस्टरमध्ये लिहा की रिकाम्या वेळी पोरं कोणता नंबर मागतात.