उजेडाचा कोन आणि शहराचे आरोग्य

महापालिका नागरिकांच्या आरोग्यासाठी काय करते, असे विचारले की रुग्णालये, दवाखाने आणि धूरफवारणी एवढेच आपल्याला आठवते. प्रत्यक्षात आरोग्याचे बरेचसे नियोजन नगररचनेच्या कागदांवर होते. दोन इमारतींमध्ये किती अंतर सोडायचे, या रुक्ष नियमातही ते दडलेले असते.

मुंबईला हे एके काळी चांगले ठाऊक होते. १८९६ मध्ये मांडवी परिसरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि १८९८ मध्ये सरकारने 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन केला. ट्रस्टने दाट वस्त्यांतून रस्ते काढले, दादर-माटुंग्याची आखणी केली. (पाडलेल्या घरांच्या मानाने गरिबांना नवी घरे थोडीच मिळाली, हेही नमूद केले पाहिजे.) याच ट्रस्टने ६३.५ अंशांचा नियम आणला. तळमजल्याच्या खिडकीतून या कोनात वर पाहिले असता समोरची इमारत आड येता कामा नये. सोप्या हिशेबात, तिच्या उंचीच्या निम्मे अंतर मोकळे हवे. गंमत अशी, की प्लेग कोंदट हवेने नव्हे, उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो. चुकीच्या समजुतीतून आलेला हा नियम हवेतून पसरणाऱ्या क्षयरोगाला मात्र नेमका लागू पडतो.

पुढे पुनर्वसनाच्या इमारतींना या अंतरात सवलती मिळाल्या. गोवंडी-मानखुर्दच्या नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडमध्ये इमारतींमधील अंतर काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर आहे. सात मजली इमारत सुमारे २० मीटर उंच धरली, तर जुन्या हिशेबाने १० मीटर हवे. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेच्या २०१८ मधील अभ्यासात या दोन वसाहतींत क्षयाचे प्रमाण तुलनेने मोकळ्या पीएमजी कॉलनीपेक्षा बरेच अधिक आढळले. ऊन-वारा न पोहोचणाऱ्या खालच्या मजल्यांना त्याची झळ जास्त. दारिद्र्य, कुपोषण आणि घरातील गर्दी ही कारणे आहेतच. पण खिडकीसमोरची भिंत औषधाने हटत नाही.

अडचण अधिकारांच्या वाटणीत आहे. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण राज्य सरकारचे, तर क्षयरुग्णाला किमान काही महिने औषधे पुरवण्याचे काम महापालिकेच्या आरोग्य खात्याचे. नकाशा एकाने मंजूर करायचा आणि रुग्ण दुसऱ्याने सांभाळायचे! उंच इमारतीत बंब शिरेल का, हे पाहून अग्निशमन दल ना-हरकत दाखला देते. उजेड आणि हवेबाबत आरोग्य अधिकाऱ्याचा अभिप्रायही त्याच टप्प्यावर, पायाभरणीपूर्वी, बंधनकारक करायला हवा.