अर्धशिशी : दुखणाऱ्या दिवसांचा हिशेब

अर्धशिशी या शब्दातच दुखण्याचे वर्णन आहे : अर्धे शीर्ष दुखते ती. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलेन याने वापरलेला ‘हेमिक्रानिया’ हा शब्दही हेच सांगतो. हेमी म्हणजे अर्धे, क्रानिऑन म्हणजे कवटी. तोच शब्द झिजत झिजत फ्रेंचमध्ये ‘मिग्रेन’ झाला आणि इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे ‘मायग्रेन’ म्हणून आला. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ११ शिरोरोग सांगितले आहेत. त्यांतला ‘अर्धावभेदक’ पंधरवड्याने, दहा दिवसांनी किंवा अचानक उठतो, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे त्या वर्णनात दोन खुणा आहेत, एक जागेची आणि दुसरी दिवसांची. जागेची खूण लोकांच्या लक्षात राहिली, दिवसांची मागे पडली. आजच्या उपचारांत मात्र ही दुसरी खूणच अधिक उपयोगी पडते. ते दिवस मोजायचे कोणी, हा या लेखाचा विषय आहे.

माझ्या पत्नीला वीस वर्षांहून अधिक काळ हा त्रास आहे. मी वैद्यकाचा माणूस नाही. त्या निमित्ताने वाचत, विचारत आणि टिपणे काढत गेलो, त्यातून हा लेख तयार झाला.

पित्त, चष्मा आणि सायनस

अर्धशिशी दाखवणारी रक्ताची चाचणी नाही. मेंदूचा स्कॅन काढतात तो दुसरे काही नाही ना, हे पाहण्यासाठी. निदान होते ते हकिगतीवरून. आंतरराष्ट्रीय निकष असे आहेत : निदान पाच वेळा येऊन गेलेले, औषधाविना ४ ते ७२ तास टिकणारे दुखणे, एका बाजूला असणे, ठणकणे, मध्यम ते तीव्र असणे, चालण्या-जिना चढण्याने वाढणे, या चारांपैकी दोन लक्षणे, शिवाय मळमळ-उलटी, किंवा उजेड आणि आवाज दोन्ही सहन न होणे. एकच बाजू दुखलीच पाहिजे असे नाही, हे यावरून कळते. पुष्कळांचे दोन्ही बाजूंनी दुखते आणि केवळ नावामुळे ‘ही अर्धशिशी नव्हे’ असे ठरून जाते.

आपल्याकडे ही हकिगत डॉक्टरपर्यंत पोहोचण्याआधी तीन थांबे घेते. पहिला पित्ताचा. उलटी झाली की बरे वाटते, म्हणून हे पित्ताचे डोके. मग आवळा, मोरावळा, सुंठ-साखर. वास्तविक मळमळ हा अर्धशिशीचाच भाग आहे. झटक्यात जठराचे काम मंदावते, आणि म्हणूनच उशिरा घेतलेली गोळी पोटात नुसती पडून राहते. दुसरा थांबा चष्म्याच्या नंबराचा. तिसरा सायनसचा : झटक्यात नाक चोंदते, डोळ्यांतून पाणी येते, कपाळ जड होते, त्यामुळे हा समज पक्का बसतो. या तीन थांब्यांत अनेक घरांची कित्येक वर्षे जातात.

कारण आणि चाहूल

चौथी गोष्ट दोषारोपाची. ‘जागरण केलेस म्हणून’, ‘उन्हात गेलीस म्हणून’, ‘चॉकलेट खाल्लेस म्हणून’. कारणे असतात, यात शंका नाही. झोप मोडणे, जेवणाची वेळ टळणे, पाळी, रोजचा चहा चुकणे ही त्यांतली ओळखीची. एकादशी-चतुर्थीच्या निर्जळी उपवासाने दुपारी डोके उठणाऱ्या बायका प्रत्येक आळीत सापडतील.

परंतु दुखणे सुरू होण्याच्या काही तास, कधी एक-दोन दिवस आधी मेंदूत बदल सुरू झालेले असतात. जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, गोड खावेसे वाटते, उजेड खुपतो. म्हणजे चॉकलेट खाल्ल्याने डोके उठले असे दिसते, तेव्हा उठू घातलेल्या डोक्यानेच चॉकलेट मागितले असण्याची शक्यता असते. ही चाहूल दुखणाऱ्या माणसाआधी पुष्कळदा शेजारच्याला लागते. आमच्या घरी सलग जांभया ही खूण. तिचा उपयोग दटावण्यासाठी न करता, गोळी जवळ आहे का आणि जेवण झाले आहे का, हे पाहण्यासाठी करता येतो.

औषधांचे दोन वर्ग

राय या धान्यावरील अरगट बुरशीपासून आर्थर श्टोल यांनी बाझल येथे १९१८ साली एर्गोटामाइन वेगळे केले. १९३८ मध्ये ग्रॅहम आणि वुल्फ यांनी त्याचा परिणाम कानशिलाच्या धमनीच्या ठोक्यांशी जोडून दाखवला आणि रक्तवाहिन्या फुगल्याने डोके दुखते, हे मत पुढे अनेक दशके टिकले. १९९१ मध्ये सुमाट्रिप्टान आले. त्याच सुमारास पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी झटक्याच्या वेळी रक्तात ‘सीजीआरपी’ हा चेतातंतूंतून स्रवणारा पदार्थ वाढलेला दाखवला आणि लक्ष रक्तवाहिन्यांकडून चेतासंस्थेकडे वळले. त्या पदार्थाला रोखणारी इंजेक्शने २०१८ पासून वापरात आली. आपल्याकडे त्यांची किंमत बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर आहे. या संशोधनाला २०२१ चे ‘ब्रेन प्राइझ’ मिळाले.

रुग्णाच्या दृष्टीने औषधांचे वर्ग दोन. एक झटका थांबवण्याचे, दुसरे झटके कमी करण्याचे. पहिले लवकर घ्यायचे, पण क्वचित. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान, एर्गोटामाइन किंवा मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले तर गोळीच डोकेदुखी वाढवू लागते. एर्गोटामाइन, कॅफिन आणि पॅरासिटामॉल यांच्या मिश्र गोळ्या आपल्याकडे औषधाच्या दुकानात सहज मिळतात, म्हणून हे आकडे घरात लिहून ठेवण्यासारखे आहेत.

दुसऱ्या वर्गातली बरीच औषधे दुसऱ्याच रोगांसाठी निघालेली. प्रोप्रानोलॉल हे हृदयाचे औषध. १९६६ मध्ये ते घेणाऱ्यांची अर्धशिशी कमी झाल्याचे लक्षात आले. अमिट्रिप्टिलिन नैराश्याचे, टोपिरामेट फिटचे. ‘तुला बीपी कुठे आहे?’, ‘ही तर फिटची गोळी!’ असे कोणीतरी म्हणते आणि औषध पंधरा दिवसांत बंद होते. यांचा गुण कळायला दोन ते तीन महिने लागतात, आणि दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले तर ते यशच मानले जाते. दमा असेल तर प्रोप्रानोलॉल चालत नाही, गर्भारपणात टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट टाळतात, हृदयविकारात ट्रिप्टान देत नाहीत. झटक्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक येत असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. डॉक्टरांपुढे सगळी माहिती मांडायची ती यासाठी.

वही

आता महिन्यातले दिवस १२ वरून ६ झाले, हे कळायचे कसे? ‘किती वेळा दुखते?’ या प्रश्नाला आमच्या घरचे उत्तर वर्षानुवर्षे ‘महिन्यातून दोन-तीनदा’ असे होते. वही सुरू केली तेव्हा पहिल्याच महिन्यात ११ दिवस निघाले. सौम्य दुखणे तिच्या लेखी दुखणेच नव्हते. ज्या दिवशी स्वयंपाक झाला, तो दिवस चांगला.

स्ट्युअर्ट आणि लिप्टन या अमेरिकी संशोधकांची ‘मायडास’ नावाची पाच प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. मागच्या तीन महिन्यांत नोकरीचे किती दिवस बुडले, किती दिवस काम निम्म्याहून कमी झाले. तसेच घरकामाचे किती दिवस बुडले, किती निम्मे राहिले. आणि घरच्या मंडळींबरोबरचे, समारंभाचे किती दिवस हुकले. बेरीज २१ किंवा अधिक असेल तर त्रास तीव्र. घरकामाला नोकरीइतकेच स्थान देणारी ही यादी आपल्या घरांत मात्र अडखळते. डोक्याला फडके बांधून पोळ्या लाटणाऱ्या बाईचा एकही दिवस ‘बुडत’ नाही, म्हणून तिची बेरीज शून्याजवळ राहते. अर्धशिशी पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दोन-तीन पट आढळते, हे ध्यानात घेतले की ही शून्ये किती घरांत असतील याचा अंदाज येतो.

वहीत फार लिहावे लागत नाही. तारीख, किती तास, सौम्य-मध्यम-तीव्र, घेतलेली गोळी, पाळी, झोप. झटक्यात ती लिहू शकत नाही. पुढल्या दिवशी सांगते तेव्हा अर्धे विसरलेले असते. म्हणून लिहायचे जोडीदाराने. मात्र वही तिची. तिला विचारल्याशिवाय ती कोणाला दाखवायची नाही, आणि तिच्यावर पहारा ठेवण्यासाठी तर मुळीच वापरायची नाही. दवाखान्यात तीन महिन्यांचे एक पान पुरते. ते पुढे ठेवल्यावर आमच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा गोळ्यांचे दिवस मोजले आणि झटके कमी करणारे औषध सुरू केले.

काही नोंदींसाठी मात्र वहीची वाट पाहू नये. क्षणात शिखर गाठणारी अतितीव्र डोकेदुखी, तापाबरोबर आखडलेली मान, बोलणे अडखळणे, हात-पाय लुळे पडणे : लगेच रुग्णालयात जावे. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेले दुखणे असेल तर डॉक्टरांना दाखवण्यात दिरंगाई करू नये.

बाकीच्या दिवशी शेजारच्या माणसाचे काम साधे असते. पडदा ओढणे, टीव्ही बंद करणे, फोडणीचा वास खोलीत जाऊ न देणे, पाहुण्यांना परस्पर उत्तर देणे, आणि ‘आता कसे वाटते?’ हे दर दहा मिनिटांनी न विचारणे. तोही थकतो, ठरलेले बेत मोडल्याने हिरमुसतो. ते बरे दिवस पाहून बोलावे, झटक्याच्या दिवशी नव्हे.

हा अंक हाती येईल तेव्हा दिवाळी असेल. पहाटेचे उठणे, उटण्याचा आणि अगरबत्तीचा वास, फटाके, लुकलुकणाऱ्या माळा, दुपारी दोनला जेवण. जवळजवळ सगळी कारणे चार दिवसांत एकत्र येतात. अभ्यंगस्नान तासाभराने उशिरा झाले, चकल्या विकतच्या आल्या आणि जेवण वेळेवर झाले, तर सणाचे काही बिघडत नाही. वहीतले मागच्या दिवाळीचे पान काढून पाहिले, तर यातले काय आधी करायचे तेही कळते.