चषकातली दारू कुठे गेली?

'हाती चषक घेतलेला राजा' असे वाक्य आजच्या शाळकरी मुलासमोर ठेवा. राजाने कुठली स्पर्धा जिंकली, असे तो विचारील. त्याचे काही चुकले नाही. वर्तमानपत्रातला चषक त्याला खेळातच भेटतो.

मूळचा चषक मात्र दारूचा प्याला. संस्कृतात 'चष्' म्हणजे खाणे. अमरकोशात चषक येतो तो मद्याच्या शब्दांच्या शेजारी, पानपात्र या अर्थाने. असा चषक पाहायचा असेल तर अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात जावे; तिथल्या भिंतीवर मद्यपान करणारे राजकुलातले जोडपे रंगवले आहे. ते लेणे वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातले, आणि त्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आमचे वाशीम.

यज्ञातला प्याला वेगळा. त्याचे नाव चमस. सोमयागात ऋत्विज लाकडी चमसातून सोमरस पीत. १९३९ साली वाशीमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. त्यात त्याच्या आजोबांनी, पहिल्या प्रवरसेनाने, केलेल्या अग्निष्टोम, वाजपेय अशा यज्ञांची नावे आहेत. हे सोमयागच, तेव्हा चमस तिथे असणारच. 'चम्' म्हणजे घोट घेणे. आपण पळी-पंचपात्र घेऊन आचमन करतो तो शब्दही त्याच धातूचा. चमस गेला, आचमन राहिले.

चषकाचे नशीब निराळे. युरोपात शर्यत जिंकणाऱ्याला चांदीचा प्याला देत. तो 'कप' आपल्याकडे खेळांबरोबर आला आणि त्याला भारदस्त मराठी नाव हवे होते. प्याला चालला नसता, पेला तर नाहीच. चषक चालला, कारण बोलण्यातून तो केव्हाच गेला होता आणि त्याला दारूचा वास उरला नव्हता, असे मला वाटते. १९८३ साली कपिलदेवने लॉर्ड्सवर उंचावला तोही मराठीत विश्वचषकच.

रणजीच्या बाबतीत आपण आणखी गंमत केली. विदर्भाने २०१८, २०१९ आणि २०२५ मध्ये जिंकला तो रणजी 'करंडक'. करंडा म्हणजे कुंकवाची झाकणाची डबी! त्यातून कुणी काही पिऊ शकत नाही.

दारू आता चषकात नाही, पेल्यातही नाही. ती ग्लासात असते.