नव्या वाटा, नवे धंदे (भाग ७) : बॉक्स कुणाचे, गाणं कुणाचं?

माजलगावात डीजेचा हंगाम उसावर ठरतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास तोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघून जातात आणि वाड्या-तांडे ओस पडतात. कारखान्यांचा पट्टा पडला, माणसं घरी आली, की मग लग्नांची झुंबड. त्यातच १४ एप्रिलची जयंती. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की सगळं थंड, ते थेट गणपतीपर्यंत. वर्षातले जेमतेम तीन-चार महिने कमाईचे. गेल्या भागात ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्याचं पोटपाणी पाहिलं. ज्याने त्याला स्टेजवरून उतरवलं, त्याची पाळी आज.

बारावीतल्या पोराला डीजे व्हायचं असतं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे टेम्पोवर चढवलेली भिंत असते. खाली अठरा इंची बेस, वर टॉप, ट्रसला शार्पी दिवे, मागे जनरेटर. घरचे म्हणतात, घेऊन टाकू, दारात धंदा होईल. कर्ज निघतं. बॉक्स आले की मात्र पोराचा संगीताशी संबंध संपत जातो. डिझेल, हमाली, जळालेली कॉइल, इसार देऊन बाकीचे पैसे बुडवणारे पाहुणे, यातच तो अडकतो. शेजारच्या तालुक्यात कुणी चार बॉक्स जास्त लावले की याची सुपारी तिकडे. वर कायदा आहेच. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला मनाई. दोन माणसं साधं बोलली तरी आवाज ६०च्या घरात जातो. वरात नियमात बसणं अवघड, आणि जप्ती आली तर बॉक्स ज्याच्या कर्जाचे त्याचे जातात. ‘अजून वाढव’ म्हणणारा नवरदेवाचा मामा तोवर जेवायला बसलेला असतो.

दुसरं पोरगं घरात लॅपटॉपवर बसलेलं असतं. माझ्या मते लक्ष ठेवावं ते याच्यावर. त्याच्याकडे एफएल स्टुडिओ असतं. १९९७मध्ये बेल्जियममधून ‘फ्रुटीलूप्स’ या नावाने निघालेलं सॉफ्टवेअर. तो हलगीचा तुकडा घेतो आणि खाली इलेक्ट्रॉनिक किक लावतो. खरी मेख इथे आहे. सॉफ्टवेअर सुरुवातीला ज्या चौकटी आखून देतं त्या चाराच्या पटीतल्या, एका ठोक्याचे चार भाग. हलगीची चाल मात्र बहुतेकदा तिनाच्या अंगाने झुलते. नवशिका ‘क्वांटाइझ’चं बटण दाबतो, प्रत्येक टिपरी जवळच्या रेघेवर जाऊन बसते आणि हलगी मरते. ठोके बरोबर पडतात, पण कुणाचा पाय उचलत नाही. जाणता पोरगा ठोक्याचे तीन भाग करून घेतो, किक तेवढी रेघेवर ठेवतो आणि हलगीला केसभर मागे-पुढे राहू देतो. हे शिकायला संबळ-हलगीवाल्याशेजारी बसावं लागतं, आणि तो आपल्याकडे गावोगाव आहे. पुण्यामुंबईच्या पोराला तो शोधत फिरावं लागतं.

पण या पोराचीही एक अडचण आहे. तो आनंद शिंदेंचं गाणं उचलतो, त्याला बेस लावतो, मधे आपल्या नावाची आरोळी टाकतो. वरातीत ते चालतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये धार्मिक समारंभांना सूट आहे आणि त्यात लग्नाची वरात स्पष्ट धरलेली आहे. तेच रिमिक्स यूट्यूबवर चढवलं की सूट संपली. मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी कंपनीची, आणि लाखो लोकांनी ऐकलं तरी पैसा तिच्याकडे जाणार किंवा व्हिडिओच उतरणार. पोराकडे राहते ती फक्त आरोळी.

क्लब हा तिसरा टप्पा, आणि तो माजलगावात नाही. त्यासाठी पुणं गाठावं लागतं. तिथे नव्याला मिळते ती वेळ रात्री नऊची, हॉल रिकामा असतानाची. याला वॉर्म-अप म्हणतात. वरातीत मुरलेला पोरगा इथे हमखास फसतो, कारण त्याला पहिल्या मिनिटाला पेटवायची सवय असते. इथे लोकांना बोलू द्यायचं, पिऊ द्यायचं, हळूहळू डान्स फ्लोअरवर आणायचं. हिट गाणी पुढच्या डीजेसाठी राखायची. हाउस संगीत मिनिटाला साधारण १२०-१३० ठोक्यांचं. १२८ ठोक्यांवर ३२ ठोक्यांचा एक फेर बरोबर १५ सेकंदांचा होतो. पुढचं गाणं आत घ्यायचं ते या फेराच्या तोंडाशीच. एक ठोका चुकला तर दोन गाणी एकमेकांना तुडवतात आणि फ्लोअर रिकामा होतो. मानधन सुरुवातीला रिक्षाभाड्यावर थोडं वर, एवढंच. वाजवण्याचा हात मात्र इथेच बसतो.

मग पैसा कुठे? स्वतःच्या गाण्यात. २०२४मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ स्पिनिन रेकॉर्ड्स या डच लेबलने काढलं. क्लबचं हाउस, शब्द मराठी. चाल, शब्द, आवाज सगळं त्यांचं स्वतःचं होतं, म्हणून करार होऊ शकला. तेच जर कुणाच्या गाण्याचं रिमिक्स असतं तर आधी मूळ कंपनीचं दार ठोठावावं लागलं असतं. असं यश रोज कुणाला मिळत नाही, आणि ते पाहून कॉलेज सोडणारा पोरगा मला शहाणा वाटत नाही. पण २०१२च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रित गाण्याच्या गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा लेबलला विकून टाकता येत नाही. वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. बॉक्सच्या हप्त्यांना असा कायदा नाही.

तेव्हा कर्ज काढायचंच असेल तर भिंतीसाठी काढू नये. बरा लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस, चांगले हेडफोन आणि हलगीवाल्याची दिवसभराची बिदागी, एवढ्यात पहिलं गाणं उभं राहतं. ते प्रसिद्ध करण्याआधी हलगीवाल्याशी आणि गाणाऱ्याशी कागद करून घ्यावा, त्यांचा वाटा किती ते आकड्यात लिहून. तो कागद कसा लिहायचा आणि गीत-संगीतकारांची सोसायटी असलेल्या आयपीआरएसमध्ये नाव कसं नोंदवायचं, हे पुढच्या आठवड्यात.